सूड नको म्हणणारी पोरं

वस्तीतल्या हिंसेचा विषय निघाला की बोट आधी तरुणांकडे जातं. पण मध्ये पडून हात धरणारेही बहुतेक वेळा तरुणच होते, हे मागे वळून पाहिलं की कळतं.

न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये १९७१ साली गल्लोगल्ली टोळ्या होत्या. त्यांपैकी ‘घेटो ब्रदर्स’ने समेट घडवायचं काम कॉर्नेल बेंजामिन ऊर्फ ब्लॅक बेंजी याच्यावर सोपवलं होतं. २ डिसेंबरला टोळ्या भिडणार असं कळताच तो निःशस्त्र समजूत घालायला गेला. त्यालाच मारून टाकलं. आता रक्तपात अटळ, असं सगळे धरून चालले होते. घेटो ब्रदर्सचा म्होरक्या बेंजी मेलेंडेझ तेव्हा अवघा १९ वर्षांचा. ब्लॅक बेंजीच्या आईने त्याला सूड नको म्हणून सांगितलं, आणि त्याने ते मानलं. ८ डिसेंबरला हो अ‍ॅव्हेन्यूवरच्या बॉइज क्लबात टोळ्यांचे पुढारी समोरासमोर बसले, तह झाला. त्यातलं एक कलम असं: आपल्या टोळीचं जाकीट घालून कुणी दुसऱ्याच्या हद्दीत आला, तर त्याला त्रास द्यायचा नाही. पाठीवरच्या चिन्हापायी ज्यांना पुढचा चौक बंद होता, त्या पोरांसाठी ही केवढी मोकळीक! तह सगळीकडे टिकला नाही, तरी पुढे हिपहॉपच्या पार्ट्यांत वेगवेगळ्या टोळ्यांची पोरं एकत्र नाचली, त्याची वाट इथूनच निघाली असं अनेक जण मानतात.

१९९२ च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात क्रिप्स आणि ब्लड्स या हाडवैरी टोळ्यांच्या गटांनी हत्यारं आवरली. त्यांच्या तहाच्या मसुद्याला नमुना घेतला तो इजिप्त-इस्रायलच्या १९४९ च्या युद्धविरामाचा.

संस्था मागून आल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वोच्च सभेने १९९६ मध्ये हिंसेला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरवलं. साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी २००० मध्ये शिकागोत, साथ रोखावी तशी गोळीबाराची साखळी तोडायला वस्तीतलीच माणसं नेमली. कल्पना मोलाचीच. मात्र साथीच्या भाषेत तरुण नुसता रुग्ण ठरू नये, असं मला फार वाटतं.

९ डिसेंबर २०१५ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २२५० मंजूर केला आणि १८ ते २९ वयाच्या तरुणांना शांततेच्या कामात वाटा द्यायला सांगितलं. दोन वर्षांनी ६५ देशांतल्या ३९९ तरुण संघटनांची पाहणी झाली. जवळपास निम्म्या संघटना वर्षाला ५,००० डॉलरपेक्षा कमी पैशांत काम करत होत्या, आणि राबणारे जवळजवळ सगळे बिनपगारी.