पोलिश वंशमूळ

पोलिश वंशमूळ : पोलंडमधील आणि पोलंडबाहेर पसरलेल्या पोलिश लोकांची पूर्वजपरंपरा. स्लाव्ह भाषा बोलणारा, रोमन कॅथलिक, एकजिनसी समाज अशी पोलंडची आजची ओळख आहे. पण ती मुख्यतः 1939 ते 1947 या आठ वर्षांतील संहार, सीमाबदल आणि सक्तीच्या स्थलांतरांतून घडली. त्याआधीच्या सहाशे वर्षांत पोलिश म्हणवणाऱ्या घराण्यांत लिथुएनियन, रुथेनियन (आजच्या युक्रेनियन व बेलारूशियन लोकांचे पूर्वज), जर्मन, ज्यू, आर्मेनियन, तातार, स्कॉटिश, डच आणि इटालियन रक्त मिसळत आले होते. पोलिश कोणाला म्हणायचे याचा निकषही काळाप्रमाणे बदलला. सोळाव्या-सतराव्या शतकात तो सामाजिक दर्जाचा होता. भाषा आणि धर्म यांना निर्णायक महत्त्व आले ते एकोणिसाव्या शतकात, म्हणजे रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतल्यामुळे हे राज्य नकाशावर नसताना.

राज्याचा पाया प्यास्त राजवंशाच्या म्येश्को या ड्यूकने घातला. त्याने 966 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्याची प्रजा लॅटिन ख्रिस्ती जगात आली. तेराव्या शतकात मंगोल स्वाऱ्यांनी उजाड झालेल्या भागांत जर्मन भाषक व्यापारी व शेतकरी वसवण्यात आले; क्राकूफला 1257 मध्ये जर्मन धर्तीची नगरसनद मिळाली. 1264 मध्ये कालिश येथे धर्मनिष्ठ बोलेस्वाफ या सरदार-राजाने ज्यूंना संरक्षणाची सनद दिली आणि पुढच्या शतकात राजा काझिमिएश द ग्रेटने तिची व्याप्ती वाढवली. पश्चिम युरोपातून हाकलले गेलेले ज्यू पिढ्यान्‌पिढ्या इकडे येत राहिले. ल्वूफमध्ये (आजचे युक्रेनमधील ल्विव्ह) चौदाव्या शतकातच आर्मेनियन व्यापाऱ्यांचे कॅथीड्रल उभे होते.

श्लाख्ता : पोलिश सरदारवर्गाला श्लाख्ता म्हणतात. पोलिश वंशमुळाची चर्चा नेहमी याच शब्दाशी येऊन थांबते, आणि सर्वाधिक गैरसमजही त्याच्याभोवती आहेत. युरोपातील बहुतेक देशांत सरदारवर्ग लोकसंख्येच्या एक-दोन टक्क्यांत मावत असे. पोलंड-लिथुएनियात तो सुमारे 8 ते 10 टक्के मानला जातो. माझोव्शे प्रांतात तर गावेच्या गावे श्लाख्तांची होती. स्वतः नांगर धरणारा, एकही कूळ नसलेला, पण कमरेला तलवार लावून प्रांतसभेत मत देणारा असा हा माणूस. ‘आपल्या वाडीतला श्लाख्ता सुभेदाराच्या बरोबरीचा’ ही पोलिश म्हण त्याच्याविषयीच आहे. प्रत्यक्षात मात्र पैसा आणि सत्ता राद्झिविव, पोतोत्स्की, लुबोमिर्स्की अशा मोजक्या बड्या घराण्यांकडे एकवटलेली होती.

प्रत्येक घराण्याला एक चिन्ह असे. त्याला हेर्ब म्हणतात. पश्चिम युरोपात असे चिन्ह एका कुटुंबाचे असते. पोलंडमध्ये यास्त्शेंब्येत्स, नावेंच, लेलिवा अशा एकेका हेर्बखाली शेकडो वेगवेगळ्या आडनावांची घराणी येतात आणि त्यांच्यात रक्ताचे नाते असेलच असे नाही. मराठी वाचकाला गोत्राची आठवण होईल. फरक इतकाच की एकाच हेर्बात लग्न करायला बंदी नव्हती. आपल्या आडनावाचे चिन्ह एखाद्या जुन्या हेर्बसंग्रहात सापडले म्हणजे पूर्वज सरदार होते, हा निष्कर्ष त्यामुळे फार घाईचा ठरतो.

हेर्ब दत्तकही देता येत असे. 1413 मध्ये होरोद्वो येथे पोलंड आणि लिथुएनिया यांच्यात करार झाला, तेव्हा 47 लिथुएनियन सरदार घराण्यांना पोलिश हेर्बांत सामावून घेतले गेले. याआधी 1386 मध्ये लिथुएनियाचा ग्रँड ड्यूक यागिएवो ख्रिस्ती होऊन पोलंडच्या यादव्हिगा राणीशी विवाहबद्ध झाला होता. होरोद्वोने त्याच्या सरदारांनाही त्या सोयरिकीत आणले. अट होती कॅथलिक असण्याची. ऑर्थोडॉक्स रुथेनियन सरदारांना त्यासाठी आणखी दोन दशके थांबावे लागले. 1569 च्या लुब्लिन करारानंतर दोन्ही देशांचे संयुक्त प्रजासत्ताक झाले. त्यानंतर लिथुएनियन आणि रुथेनियन सरदार भाषेने, पोशाखाने आणि हळूहळू धर्मानेही पोलिश होत गेले. ‘मी रुथेनियन वंशाचा, पोलिश राष्ट्राचा’ असे म्हणणे त्या काळी कुणाला विसंगत वाटत नसे.

या वर्गाने आपल्यासाठी एक वेगळा वंशही कल्पिला. आपण प्राचीन सार्मेशियन योद्ध्यांचे वारस आहोत, अशी समजूत सोळाव्या शतकापासून रुजली. शेतकऱ्यांना मात्र बायबलमधील शापित हाम याची संतती ठरवण्यात आले. याच समजुतीतून लांब अंगरखा, रुंद कमरपट्टा आणि वाकडी तलवार असा पौर्वात्य थाट आला. स्वुत्स्क (आजच्या बेलारूसमधील गाव) येथील प्रसिद्ध कमरपट्टे विणवून घेणारा कारखानदार आर्मेनियन होता, हेही त्या थाटाला साजेसेच. सतराव्या शतकात वालेरियान नेकांदा त्रेप्का याने स्वतःला खोटेच सरदार म्हणवणाऱ्यांची यादी केली. तिला ‘हामच्या संततीचे पुस्तक’ म्हणून ओळखतात आणि तिच्यात सुमारे 2,500 नावे आहेत. त्रेप्काचे आरोप सगळेच खरे नसतील, पण वर चढण्याची वाट किती रुळलेली होती हे त्यातून दिसते.

या वाटेने ज्यूही गेले. 1588 च्या लिथुएनियन कायदेसंहितेनुसार ख्रिस्ती झालेल्या ज्यूला सरदारी दर्जाचा हक्क मिळे. ही तरतूद 1764 मध्ये रद्द झाली. दरम्यान 1759 मध्ये याकुब फ्रांक या पंथप्रमुखाच्या अनुयायांनी ल्वूफमध्ये मोठ्या संख्येने बाप्तिस्मा घेतला आणि त्यांतील काही कुटुंबे पुढे सरदारांत गणली गेली. प्रसिद्ध पियानोवादक मारिया शिमानोव्स्का ही अशाच व्होवोव्स्की कुटुंबातली. तिची मुलगी सेलिना आदाम मित्स्कियेविच या पोलिश राष्ट्रकवीची पत्नी झाली. स्वतः मित्स्कियेविचचा जन्म आजच्या बेलारूसमध्ये झाला, आणि त्याच्या सर्वांत गाजलेल्या महाकाव्याची पहिली हाक पोलंडला नसून लिथुएनियाला आहे.

धर्मांची सरमिसळ : एकाच घराण्यात दोन पिढ्यांत तीन धर्मपंथ सापडावेत, असा तो काळ होता. मिकोवाय राद्झिविव ‘काळा’ हा कॅल्व्हिनपंथी प्रोटेस्टंट होता आणि 1563 मध्ये त्याच्या खर्चाने पोलिश बायबल छापले गेले. त्याचा मुलगा कॅथलिक पंथात परतला. येरेमी विश्नोव्येत्स्की ऑर्थोडॉक्स म्हणून जन्मला, 1632 मध्ये कॅथलिक झाला आणि त्याचा मुलगा मिखाव 1669 मध्ये पोलंडचा राजा म्हणून निवडून आला. 1573 च्या वॉर्सा करारनाम्याने सरदारांमध्ये धार्मिक शांततेची हमी दिली होती. तिला मर्यादा होत्या. त्रैक्य नाकारणाऱ्या पोलिश ब्रदरन पंथाला 1658 मध्ये देशाबाहेर काढण्यात आले.

तातारांची कथा वेगळी वाचायला हवी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ग्रँड ड्यूक व्हितौतासने त्यांना लिथुएनियात वसवले; सैन्यसेवेच्या मोबदल्यात जमिनी मिळाल्या. त्यांची तुर्की बोली काही पिढ्यांत मागे पडली, इस्लाम मात्र टिकला. 1679 मध्ये राजा यान सोब्येस्कीने थकलेल्या पगाराऐवजी पोदलाशेमधील गावे त्यांना दिली, आणि चार वर्षांनी व्हिएन्नाच्या लढाईत त्यांतले काही ऑटोमन फौजेविरुद्ध लढले. क्रुशिन्यानी आणि बोहोनिकी या गावांतल्या लाकडी मशिदी आजही नांदत्या आहेत. नोबेल विजेता कादंबरीकार हेन्रिक शेन्क्येविच याच्या पितृकुळाचे मूळ तातार असल्याचे मानतात.

एकोणिसाव्या शतकातील पोलिश संस्कृतीचे दिग्गज काढले तरी हेच चित्र दिसते. संगीतकार शोपँचे वडील फ्रान्समधील लॉरेन प्रांतातून आले होते. पोलंडच्या इतिहासाची भव्य चित्रे रंगवणाऱ्या यान मातेय्कोचे वडील चेक होते आणि आई निम्मी जर्मन. बाहेरून आलेल्यांनीच पोलिशपण इतक्या आवेशाने का रंगवले, हा प्रश्न पडतो. त्यांच्या बाबतीत ती निवड होती, हे त्याचे एक उत्तर असू शकेल.

एका घरात दोन राष्ट्रे : राष्ट्रवाद आला तेव्हा ही मिश्र घराणी अक्षरशः दुभंगली. गाब्रिएल नारुतोविच 1922 मध्ये पोलंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. त्याचा भाऊ स्तानिस्वाफ याने 1918 मध्ये लिथुएनियाच्या स्वातंत्र्य जाहीरनाम्यावर सही केली होती. अल्पसंख्याकांच्या मतांवर निवडून आल्याचा राग धरून गाब्रिएलविरुद्ध मोहीम उठली आणि पदग्रहणानंतर पाचव्या दिवशी त्याचा खून झाला. शेप्तित्स्की बंधूंपैकी आंद्रेय युक्रेनियन ग्रीक-कॅथलिक चर्चचा प्रमुख, तर स्तानिस्वाफ पोलिश सैन्यात सेनापती. इव्हानोव्स्की कुटुंबात तर तीन भाऊ तीन राष्ट्रांचे ठरले : एक पोलिश राजकारणी, एक बेलारूशियन चळवळीचा नेता आणि एक लिथुएनियन प्राणिशास्त्रज्ञ. आईबाप एकच. इथे वंश काहीच ठरवत नाही.

शेतकऱ्यांचे काय : आजच्या बहुतेक पोलिश लोकांचे पूर्वज श्लाख्ता नव्हते, वेठबिगार शेतकरी होते. जमीनदाराच्या परवानगीशिवाय गाव सोडता न येणारा, आठवड्याचे कित्येक दिवस त्याच्या शेतावर फुकट राबणारा हा वर्ग वंशावळींत क्वचितच दिसतो, कारण त्याची नोंद ठेवण्याची गरज कुणाला वाटली नाही. त्याने स्वतःला पोलिश म्हणायला फार उशिरा सुरुवात केली. 1846 मध्ये गॅलिसियात (ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेल्या दक्षिणेकडील भागात) सरदारांनी ऑस्ट्रियाविरुद्ध उठाव करायचे ठरवले, तेव्हा याकुब शेला याच्या नेतृत्वाखालील पोलिश भाषक शेतकऱ्यांनी जमीनदारांचेच वाडे जाळले आणि शेकडोंना ठार केले. वेठीतून सुटका प्रशियाच्या भागात 1807 पासून टप्प्याटप्प्याने, ऑस्ट्रियाच्या भागात 1848 मध्ये आणि रशियाच्या पोलिश राज्यात 1864 मध्ये झाली. 1931 च्या जनगणनेतही पोलेस्येच्या (आजच्या बेलारूस-युक्रेन सीमेवरील प्रदेशाच्या) दलदलीतल्या सुमारे सात लाख लोकांनी मातृभाषेच्या रकान्यात ‘इथलीच’ असे उत्तर दिले. गेल्या काही वर्षांत पोलिश इतिहासकारांनी या विस्मृत बहुसंख्येकडे मोर्चा वळवला आहे. हेर्ब शोधणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचे काम जास्त खरे आहे.

1921 च्या राज्यघटनेने सरदारी पदव्या व चिन्हे यांची मान्यता काढून घेतली. त्यानंतरच्या महायुद्धात पोलंडमधील सुमारे 30 लाख ज्यू मारले गेले, जर्मनांना पश्चिमेकडे हाकलण्यात आले, पूर्वेकडचे प्रांत सोव्हिएत संघाकडे गेले आणि 1947 मध्ये सुमारे 1 लाख 40 हजार युक्रेनियन व लेम्को (कार्पेथियन डोंगरांतील एक समाज) लोकांना आग्नेय पोलंडमधून उचलून उत्तर व पश्चिम पोलंडमध्ये विखुरले गेले. तरीही 2011 च्या जनगणनेत 8 लाखांहून अधिक लोकांनी स्वतःला सिलेशियन (नैर्ऋत्येकडील सिलेशिया प्रदेशाचे) म्हणवले. त्यांतील अनेकांनी सोबत पोलिश ओळखही नोंदवली होती.

मूळ शोधताना : ‘-स्की’ने संपणारे आडनाव सरदारीचे लक्षण मानले जाते. तार्नूफ या गावाचा मालक तो तार्नोव्स्की, असे ते सुरुवातीला होतेही. पुढे शहरी लोक, शेतकरी आणि ज्यू यांनीही तशी नावे घेतली. कोव्हाल्स्की हे अतिशय प्रचलित आडनाव लोहारकामावरून आले आहे. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील ज्यूंना 1787 च्या फर्मानाने कायमची आडनावे घेणे भाग पडले.

कागदपत्रांचा मुख्य आधार चर्चच्या नोंदवह्या. 1808 पासून वॉर्साच्या डचीत (नेपोलियनने उभारलेल्या पोलिश राज्यात) त्याच्याच पद्धतीने नागरी नोंदणी सुरू झाली. पण नोंदणी अधिकारी बहुधा कॅथलिक पाद्रीच असे. म्हणून 1825 पर्यंत ज्यू किंवा प्रोटेस्टंट बालकाचा जन्म कॅथलिक पाद्र्याच्या वहीत सापडतो आणि नवख्या शोधकाची दिशा चुकते. 1868 पासून याच भागातल्या नोंदी रशियन भाषेत आहेत, गॅलिसियातल्या बव्हंशी लॅटिनमध्ये, प्रशियाकडच्या जर्मनमध्ये.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे 1943 ते 1948 दरम्यान सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत स्त्रिया आणि मुले अधिक. सोव्हिएत गुप्त पोलिसांनी 1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधून सायबेरिया व कझाकस्तानात नेलेले आणि इराणमार्गे भारतात पोचलेले हे लोक. त्यांची मूळ गावे आज युक्रेन, बेलारूस किंवा लिथुएनियात आहेत, म्हणून त्यांच्या नातवंडांना आजोबांचा जन्मदाखला अनेकदा वॉर्साऐवजी ल्विव्ह, मिन्स्क वा विल्नियसच्या दफ्तरात शोधावा लागतो.

पोलिश नागरिकत्व वंशपरंपरेने मिळते, पण त्या कायद्याला हेर्बशी कर्तव्य नाही. 1920 मध्ये नागरिकत्वाचा पहिला कायदा झाला. त्याखाली पूर्वज नागरिक होता का आणि मधल्या पिढीत कुणी परदेशी नागरिकत्व घेऊन ते गमावले का, हे मुख्यतः पाहतात. औरस अपत्याला 1951 पर्यंत ते वडिलांकडूनच मिळे. त्यापूर्वी जन्मलेल्यांचे आईकडचे दावे म्हणून अनेकदा फेटाळले जातात. 2007 च्या कायद्याने सुरू झालेले ‘पोलिश कार्ड’ आधी माजी सोव्हिएत देशांतील पोलिश वंशीयांपुरते होते, 2019 पासून ते जगभर खुले झाले. त्यासाठी आईवडील किंवा आजीआजोबांपैकी एक, नाहीतर पणजीपणजोबांपैकी दोघे पोलिश असल्याचा पुरावा आणि पोलिश भाषेची प्राथमिक ओळख लागते.