आंबील ओढा आणि कात्रजचा नळ: पुण्याच्या पाण्यामागचा इतिहास

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. कात्रजच्या डोंगरात धो धो पाऊस कोसळला आणि पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाले कॉलनी ते थेट दांडेकर पुलापर्यंत पाणी घरांत शिरलं. सीमाभिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. शहर आणि आसपासच्या भागात वीसहून अधिक माणसं दगावली. रोज त्या पुलांवरून ये-जा करणारे अनेकजण तोवर त्याला नालाच म्हणत होते. अडीचशे वर्षांपूर्वी पेठांमधलं पुणं याच ओढ्याच्या माथ्यावरचं पाणी पीत होतं. त्या पुराचा विचार करताना हा मागचा धागा सुटता कामा नये.

आंबील ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो. आज तो पर्वतीच्या पायथ्याजवळून वळून मुठेला मिळतो. मूळचा मार्ग मात्र गावातूनच जायचा. कसब्याच्या पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला आंबील ओढा, या दोघांच्या मधे जुनं पुणं वसलेलं होतं. १७३० मध्ये शनिवारवाड्याची पायाभरणी झाली, राजधानी वाढू लागली, नव्या पेठांना जागा हवी झाली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी ओढा अडवला, तिथे तळं केलं आणि ओढ्याला नवी वाट काढून दिली. त्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. मधल्या गणपतीला लोक अजूनही तळ्यातला गणपती म्हणतात. ओढा हलवणं हा निसर्गात केलेला मोठा हस्तक्षेपच होता, पण त्यांनी ओढ्याला एका जागेवरून उठवलं तेव्हा दुसरी मोकळी जागा दिली, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

त्याच नानासाहेबांनी १७५० च्या सुमारास कात्रजचं पाणी शहरात आणलं. कात्रजला दोन तलाव बांधले, एक वर आणि एक खाली. वरच्यात गाळ बसायचा आणि निवळ पाणी खालच्यात उतरायचं. तिथून दगड-विटा आणि चुन्यात बांधलेला बंदिस्त नळ जमिनीखालून शहराकडे निघायचा. नळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तोटी येते. हा नळ म्हणजे माणूस आत उतरून चालत जाऊ शकेल असं भुयार होतं. ठरावीक अंतरावर वर उच्छ्वास बांधलेले होते. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडायची, आणि माणसाला आत उतरून गाळ काढता यायचा, चिरा पडल्या असतील तर बुजवता यायच्या. आठ-दहा किलोमीटरची ही वाट पाणी निव्वळ उतारावर कापायचं, एकही पंप नसताना. वाटेत कुठे चढ लागला असता तर सगळा खर्च पाण्यात गेला असता. त्या काळच्या कारागिरांनी हा उतार किती बारकाईने साधला असेल, याची कल्पना पुण्यातले रस्ते सायकलने फिरलेल्या माणसाला सहज येईल.

शहरात पोचलेलं पाणी हौदांत पडायचं. काळा हौद, फडके हौद, सदाशिव हौद, नाना हौद ही नावं आजही पत्त्यांत टिकून आहेत, हौद बुजले असले तरी. पुढे सरदार-कारभाऱ्यांनीही आपापले नळ आणले. नाना फडणवीसांनी नऱ्हे-आंबेगावकडून आणला, रास्त्यांनी कोंढव्याकडून. शहराच्या दक्षिणेचे डोंगर हाच पाण्याचा साठा, हे त्या सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

इथे थांबून दुसरी बाजू सांगायलाच हवी, कारण पेशवाईतल्या या व्यवस्थेचं कौतुक करताना ती हमखास गाळली जाते. पाणी हौदात यायचं, पण हौदावर प्रत्येकाला येता यायचं नाही. ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्यांना तिथे घागर बुडवता येत नव्हती. कुणी वरून ओतलं तरच मिळायचं. नळाची अभियांत्रिकी अव्वल होती आणि वाटप अन्यायाचं होतं, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. पुण्यात हे पहिल्यांदा उघडपणे मोडलं ते जोतीराव फुल्यांनी. १८६८ मध्ये त्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हे करायला नवा तलाव लागला नाही, सरकारी मंजुरी लागली नाही. लागली ती शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आणि नातलगांचा रोष पत्करायची तयारी. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी लहानपणीच वारलेल्या लेकीच्या स्मरणार्थ बांधलेला बाहुलीचा हौदही सगळ्या जातींसाठी होता. पुण्याच्या पाण्याच्या इतिहासात कात्रजच्या नळाइतकंच मानाचं पान मी या दोन हौदांना देतो.

इंग्रजांनी मुठेवर खडकवासल्याचं धरण बांधलं; ते १८७९ मध्ये पूर्ण झालं. मग पाणी घराघरांत पोचायला लागलं आणि कात्रजकडे पाहायची गरज उरली नाही. सोय झाली यात वाद नाही. पण पाणी येतं कुठून हा प्रश्नही हळूहळू शहराच्या बोलण्यातून गेला.

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी बांधकाम चालू असलेलं पानशेतचं धरण फुटलं, आणि पाठोपाठ खडकवासलाही. नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. पूर ओसरल्यावर नळ कोरडे पडले आणि ज्यांच्या वाड्यात आड होते त्यांच्याकडे रांगा लागल्या. घरं गेलेल्या लोकांसाठी शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनींवर पूरग्रस्तांच्या सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. सहकारनगर परिसर वसला तो त्यातूनच. मुठेच्या पुरातून सावरलेली ही वस्ती, पुढच्या पिढीत २०१९ मध्ये तिनेच आंबील ओढ्याचा पूर पाहिला. मधल्या काळात ओढ्याच्या पात्रात भराव पडले, रस्त्याखालच्या मोऱ्या (कल्व्हर्ट) अरुंद झाल्या, काठावर भिंती चढल्या. नानासाहेबांनी मोजून दिलेली वाट आपण इंचाइंचाने परत घेतली. आणि अगदी काठाशी राहायला कोण गेलं? ज्यांना शहरात दुसरीकडे जागा परवडत नव्हती ते.

आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या साखळीची क्षमता २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत या आकड्याची रोज उजळणी होते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. कर लागू झाला, टॉवर उभे राहिले, जलवाहिन्या मात्र मागे राहिल्या. त्यातल्या कित्येक सोसायट्यांचा महिन्याचा मोठा खर्च टँकरचा असतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, आंबेगाव या भागांत गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा संशय दूषित पाण्याकडेच गेला. मग विहिरींची, टँकरची, खासगी शुद्धीकरण केंद्रांची तपासणी सुरू झाली.

यात आंबेगावचं नाव वाचून मला थांबावंसं वाटलं. नाना फडणवीसांनी याच शिवारातून सदाशिव पेठेत पाणी नेलं. हौदावर कोणी यायचं हे तेव्हा जातीवरून ठरायचं. आता घर महापालिकेच्या जुन्या हद्दीत आहे की नव्या, यावरून पाण्याचा दर्जा ठरतो. फुल्यांनी हौद उघडला तेव्हा त्यांनी पाण्याच्या टंचाईचं कारण ऐकून घेतलं नव्हतं. समाविष्ट गावांतल्या लोकांनीही आता ते ऐकून घेऊ नये. नव्या बांधकामाला परवानगी देण्याआधी तिथे शुद्ध पाण्याची वाहिनी पोचली आहे का, आणि कात्रज-आंबेगावच्या डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याची रेषा त्या नकाशावर आखली आहे का, या दोन गोष्टी प्रत्येक वॉर्डातल्या माणसाने नगरसेवकाला आणि बिल्डरला विचारायला हव्यात, बुकिंगची रक्कम भरण्याआधी.