दोन पंखांचं विमान आणि वेगाचा घन

लढाऊ विमानांच्या गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास कानावर पडतं: जे विमान लहान गिरकी घेतं, तेच जिंकतं. हा समज किती अपुरा आहे, ते ११ नोव्हेंबर १९४० रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर दिसलं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनवरच्या हवाई हल्ल्यांत जर्मनीच्या जोडीला इटलीचं एक पथक होतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. 'कोर्पो एरिओ इतालियानो' हे त्याचं नाव, आणि तळ बेल्जियममध्ये. त्यांचं लढाऊ विमान फियाट सीआर ४२ म्हणजे एकावर एक असे दोन पंख, मध्ये दांड्या, कायम बाहेर असलेली चाकं आणि उघडी कॉकपिट. त्या थंडीत वैमानिक वारा तोंडावर घेत समुद्र ओलांडायचे.

गिरकी मात्र अप्रतिम! विमान ६० अंश कललं, की उंची टिकवायला पंखांना दुप्पट उचल द्यावी लागते. सीआर ४२ च्या पंखांवर दर चौरस मीटरला साधारण १०० किलो भार, ब्रिटिशांच्या हरिकेन या लढाऊ विमानाच्या पंखांवर साधारण १२५. भार कमी, म्हणून ही दुप्पट उचल कमी वेगातही मिळते; आणि गिरकीची त्रिज्या वेगाच्या वर्गावर ठरते.

पण पंख आणि दांड्या वाढल्या की हवेचा रोधही वाढतो. वाऱ्याविरुद्ध सायकल मारलेल्यांना हे पायांनी कळलेलं असतं. रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, शिवाय दर सेकंदाला अंतरही जास्त कापायचं असतं, म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. सीआर ४२ चं इंजिन ८४० अश्वशक्तीचं, वेग ताशी सुमारे ४३० किलोमीटर. त्याला हरिकेनइतकं, म्हणजे सुमारे ५२० ने पळवायचं तर ५२० भागिले ४३० चा घन करा: जवळपास १.७७. म्हणजे १,४८० च्या वर अश्वशक्ती! हरिकेन तेच काम सुमारे १,०३० मध्ये करायचं. वेगवान विमान नको तेव्हा लढाई सोडून निघून जातं आणि हवं तेव्हा परत येतं. गिरकी घेणाऱ्याच्या हाती यातलं काहीच नसतं.

त्या दिवशी हार्विच बंदराजवळच्या लढाईत इटालियनांनी तीन बाँबर आणि तीन सीआर ४२ गमावली. गोळ्या संपलेल्या एका हरिकेनच्या पंख्याने तर सीआर ४२ चा वरचा पंखच कापला. इटालियनांनी नऊ हरिकेन पाडल्याचा दावा केला. प्रत्यक्षात ब्रिटिशांचं एकही विमान पडलं नव्हतं. युद्धातल्या आकड्यांवर, कोणत्याही देशाचे असोत, पडताळल्याशिवाय विश्वास ठेवू नये. आणि यावरून इटालियनांना भित्रं ठरवणं हा तर निव्वळ अन्याय आहे. त्या विमानात बसायला धैर्यच लागायचं.

त्याच रात्री इटलीच्या तारांतो बंदरात ब्रिटिशांच्या २१ स्वोर्डफिश विमानांनी तीन युद्धनौका निकामी केल्या. तीही दोन पंखांचीच होती, आणि सीआर ४२ पेक्षा कितीतरी मंद. पण अंधारात, नांगरलेल्या जहाजांवर जाताना वेगाची गरज नव्हती. गरज होती ती टॉर्पेडो पोटाशी घेऊन विमानवाहू जहाजाच्या आखूड डेकवरून उडण्याची, आणि तिथे तोच जास्तीचा पंख कामी आला.