मंडई जवळ का हवी?

स्थानिक आणि शाश्वत पद्धतीने पिकवलेल्या अन्नासाठी सार्वजनिक बाजार हवा, असे म्हटले की पहिले कारण बहुधा वाहतुकीचे दिले जाते: माल कमी फिरेल, इंधन कमी जळेल. हे कारण खरे आहे, पण वाटते तेवढे मोठे नाही. ११९ देशांतील शेतांची माहिती एकत्र करून जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्केच आहे. सर्वांत मोठा भाग शेतीतून आणि तिच्यासाठी होणाऱ्या जमिनीच्या वापरातून येतो. विमानाने आणलेला नाशिवंत माल तेवढा याला अपवाद. म्हणून मंडईचे महत्त्व किलोमीटरांत मोजण्यापेक्षा तासांत मोजावे, असे मला वाटते.

तोडलेली भाजी निर्जीव नसते. तिचे श्वसन चालूच राहते, साठवलेली साखर जळत राहते आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. ताज्या मटाराच्या शेंगांचा ढीग काही तास तसाच राहिला आणि त्यात हात खुपसला, तर आतली ऊब बोटांना जाणवते. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. गोड मक्याच्या दाण्यांतील साखरेचे पिठूळ स्टार्चमध्ये रूपांतर होणे तर कणीस खुडल्याबरोबर सुरू होते. शीतगृहामुळे हे सारे मंदावते, थांबत नाही, आणि त्यासाठी वीज लागते ती वेगळीच.

लांबच्या बाजाराचा याहून खोल परिणाम वाणांवर होतो. दूर जायचा टोमॅटो हिरवा असतानाच तोडतात आणि पोहोचल्यावर इथिलीन वायूने पिकवतात. रंग पूर्ण येतो, पण वेलीवर राहिला असता तर मिळाली असती ती गोडी त्यात उतरत नाही. शिवाय सगळी फळे एकसारख्या फिक्या हिरव्या रंगाची असली की तोडणीची वेळ ठरवणे सोपे जाते, म्हणून पैदासकारांनी कित्येक दशके तसेच वाण निवडले. या निवडीत फळातील हरितलवके वाढवणारे एक जनुक निकामी झाले आणि त्याबरोबर फळात तयार होणारी थोडी साखरही गेली, हे २०१२ मध्ये उघड झाले. चव घालवण्याचा कोणाचाही हेतू नव्हता. बाजाराने जे मागितले, ते शेतात पेरले गेले.

सार्वजनिक बाजाराचा मुख्य हेतू मला इथे दिसतो. पातळ सालीचे, देठाजवळ गर्द हिरवे राहणारे, दोन दिवसांत मऊ पडणारे फळ जिथे चाखून घेतले जाते, तिथेच त्या वाणाचे बी पुढच्या हंगामात पुन्हा पेरले जाते. वाकडी काकडीही तिथे खपते. अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातील सुमारे १४ टक्के अन्न काढणीनंतर किरकोळ विक्रीपर्यंत पोहोचण्याआधीच वाया जाते, हे लक्षात घेतले तर ही गोष्ट किरकोळ नाही.

मात्र जवळचे म्हणजे शाश्वत, असे समजू नये. शेजारच्या शेतातही नत्रखत गरजेपेक्षा जास्त पडत असेल, तर त्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. फरक एवढाच की पिकवणारा समोर उभा असल्यामुळे खत किती घातले, पाणी कुठून आणले, हे त्याला विचारता येते.

यासाठी बाजार सार्वजनिक असणे आवश्यक आहे. सावली, स्वच्छ पाणी, तपासलेले वजनकाटे आणि लहान शीतगृह एकट्या छोट्या शेतकऱ्याला परवडत नाही, आणि गाळ्याचे भाडे वाढले की सर्वांत आधी तोच बाहेर पडतो. उरलेल्या पाल्याचे खत करण्याची जागाही तिथेच हवी, कारण भाजीबरोबर शेतातले नत्र, स्फुरद आणि पालाश मंडईत आलेले असतात. अंतर इथे खरोखर निर्णायक ठरते: शेत जवळ असेल, तर सकाळी भरून आलेल्या गाड्या परतताना ते खत घेऊन जाऊ शकतात.