दोन चांदण्यांची यादी : 'दुबार मतदार' वादाची पार्श्वभूमी

2025च्या शेवटी महाराष्ट्रात पालिकांच्या मतदार याद्या हाती पडल्या, तेव्हा काही नावांपुढे दोन चांदण्या छापलेल्या होत्या. चांदण्या म्हणजे हा मतदार 'संभाव्य दुबार'. नाव वगळायचे नाही. माणसाला गाठून तो मत कुठे देणार ते लिहून घ्यायचे, आणि तो भेटलाच नाही तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर हमीपत्र घ्यायचे. हा तोडगा अनेकांना हास्यास्पद वाटला. दुबार आहे हे कळतेय, तर उडवत का नाहीत?

उडवता येत नाही म्हणून. 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीनंतर स्थानिक निवडणुकांसाठी राज्याचा वेगळा निवडणूक आयोग आला, पण महाराष्ट्रात त्याची स्वतःची यादी नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला, या खेपेला 1 जुलै 2025ला, जशी होती तशी उचलायची आणि प्रभागांत फोडायची, एवढेच त्याच्या हातात. नाव भलत्याच प्रभागात गेले असेल तर दुरुस्ती होते. मूळ यादीत नाव घालणे-काढणे हे दिल्लीतल्या भारतीय निवडणूक आयोगाच्या यंत्रणेचे काम. हरकत घेऊन गेलेल्या माणसाला एक दार दुसऱ्याकडे बोट दाखवते. खाली राबणारे तहसीलदार आणि शिक्षक बहुतेक वेळा तेच असतात, हा भाग वेगळा.

आता शब्दाकडे येऊ. 'दुबार' हा मुळात शेतीतला शब्द. पहिला पाऊस दगा देतो आणि दुबार पेरणी करावी लागते. ती करणाऱ्या शेतकऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही. राजकारणात मात्र 'दुबार' आणि 'बोगस' हे शब्द इतके शेजारीशेजारी बसले की दोन्हींचा अर्थ एकच झाला. प्रत्यक्षात या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात. एकाच माणसाची दोन ठिकाणी नोंद ही पहिली. एकाच नावाची दोन वेगळी माणसे ही दुसरी. आणि तिसरी उलटीच : माणसे दोन, पण ओळखपत्राचा क्रमांक एक. क्रमांक पूर्वी राज्याराज्यांत स्वतंत्रपणे दिले गेले आणि काही ठिकाणी तीच अक्षरमालिका वापरली गेली, हे 2025च्या मार्चमध्ये दिल्लीच्या आयोगानेच मान्य केले.

मुंबईच्या प्रारूप यादीत दुबार म्हणून सुमारे 11 लाख नोंदी निघाल्या. मथळ्यांत ते '11 लाख दुबार मतदार' झाले. त्या नोंदींमागची नावे होती सव्वाचार लाखांहून थोडी अधिक, आणि नावे जुळली म्हणजे माणूस एकच, असे मुंबईत तरी कोणी म्हणू नये. तेच आडनाव, तेच नाव, बापाचे नावही तेच, अशी माणसे एका वॉर्डात सापडतात. फोटो आणि पत्ता ताडून पाहिल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

खरा दुबार मतदार कोण, तर बहुधा घर बदललेला माणूस. 2022पर्यंत एका मतदारसंघातून दुसऱ्यात गेलेल्यालाही नवा मतदार भरतो तोच नमुना 6 भरावा लागे. जुन्या पत्त्याचा रकाना त्यात होता, पण तो कोरा राहिला तर नवीन नाव चढायचे आणि जुने गावच्या यादीत तसेच राहायचे. आता पत्ता बदलाला नमुना 8 आहे. मागे साचलेला गाळ मात्र आपोआप निघत नाही.

कायदा याबाबत वरवर स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1950ची कलमे 17 आणि 18 सांगतात की नाव एकाहून अधिक ठिकाणी नको, एका ठिकाणी दोनदाही नको. नोंदणीसाठी खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद. 1951च्या अधिनियमाप्रमाणे दोन मतदारसंघांत मत दिले तर दोन्ही मते बाद. म्हणजे यादीत दोनदा असणे आणि मत दोनदा देणे यांत कायद्याने फरक केलेला आहे. अडते ते त्याआधीच्या प्रश्नावर : एकच नाव ठेवायचे, तर ते कुठे?

उत्तर 'सामान्यतः रहिवासी' या दोन शब्दांत आहे, आणि सगळी गुंतागुंतही तिथेच. ब्रिटिशांच्या काळात मत मिळायचे ते शेतसारा, कर, मालमत्ता किंवा शिक्षण दाखवून. प्रौढ मताधिकार आला आणि सिद्ध करायला उरले नागरिकत्व, वय आणि राहणे. सुरुवातीच्या कायद्यात राहण्याला मोजमाप होते, ठरलेल्या काळात किमान 180 दिवस. पहिल्या दशकातच ते गेले आणि मागे उरला मोघम शब्द. कलम 20 तो शब्द नकारांनीच समजावते : नुसते घर मालकीचे आहे म्हणून कोणी रहिवासी होत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवासी असणे संपत नाही. तात्पुरता म्हणजे किती महिने, हे तिथे लिहिलेले नाही. 1999मध्ये गुवाहाटीच्या उच्च न्यायालयाने वास्तव्य कायम स्वरूपाचे हवे, प्रासंगिक नको, असे म्हटले. त्यानेही दिवस मोजले नाहीत.

बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीनंतर जातो आणि उन्हाळा लागताना परततो. त्याचे नाव गावीच राहणार, याबद्दल दुमत नाही. पण घाटकोपरच्या चाळीत वीस वर्षे काढलेला, रेशनकार्ड तिथले, मुलांची शाळा तिथली आणि गणपती-शिमग्याला न चुकता संगमेश्वरला जाणारा माणूस? कायद्याच्या कसोटीवर तो घाटकोपरचा. त्याला विचाराल तर तो संगमेश्वरचा. हेच कलम 20 सैनिकांना, काही उच्चपदस्थांना आणि निवडून आलेल्या प्रतिनिधींना मात्र कर्तव्यामुळे बाहेर असले तरी मूळ मतदारसंघात राहण्याची मुभा देते. राज्यसभेच्या उमेदवाराने त्याच राज्याचा मतदार असावे ही अट तर 2003मध्ये काढूनच टाकली. रहिवासाचा हा शब्द ज्यांना जाचत होता त्यांच्यापैकी एका गटाची सुटका झाली. चाळकऱ्याची झाली नाही.

यादीतल्या चुकांनी माणसे वगळली जाणे नवे नाही. पहिल्याच निवडणुकीच्या वेळी 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढीच ओळख दिल्यामुळे सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे गेली होती. त्यानंतरच्या काळात वाद पेट्यांचे झाले, केंद्रे बळकावण्याचे झाले, मग यंत्रांचे. यादी त्या गदारोळात दुर्लक्षित राहिली. घरोघरची सखोल पडताळणी या शतकाच्या सुरुवातीला झाली, पुढे दरवर्षी फक्त संक्षिप्त पुनरीक्षण.

मग 2024 आले. महाराष्ट्रात लोकसभेला सुमारे 9.30 कोटी मतदार होते, विधानसभेला 9.70 कोटी. इतकी भर इतक्या थोड्या महिन्यांत कशी, हा विरोधकांचा प्रश्न. सगळे नियमाने झाले, त्या वेळी हरकती कुठे होत्या, हे आयोगाचे उत्तर. हे उत्तर पुरेसे वाटत नाही, कारण हरकत घ्यायला यादी चाळता यावी लागते. पक्षांना मिळते ती प्रत चित्ररूप असते, तिच्यात नाव टाकून शोधता येत नाही. शोधता येईल अशी प्रत मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये फेटाळली. तेव्हापासून कार्यकर्ते छापील गठ्ठ्यांवर पेन्सिली घेऊन बसतात.

बिहारमध्ये तक्रार नेमकी उलटी. तिथे 2025च्या विशेष सखोल पुनरीक्षणात 7.89 कोटींची यादी प्रारूपात 7.24 कोटींवर आली. गळलेल्या 65 लाखांपैकी सुमारे 36 लाख 'कायमचे स्थलांतरित किंवा सापडले नाहीत' या रकान्यात होते, दुबार सुमारे 7 लाख. नावे कारणांसह जाहीर करा, हे न्यायालयाला सांगावे लागले. पंजाबात किंवा मुंबईत कामाला गेलेला बिहारी त्या 36 लाखांत कायमचा गेलेला धरला की तात्पुरता, हे दारावर आलेल्या कर्मचाऱ्याने ठरवले. त्याच्याही हातात व्याख्या नव्हती.

गावचे मत शहरातून देता यावे म्हणून आयोगाने एक दूरस्थ मतदान यंत्र तयार केले होते, एका केंद्रावरून 72 मतदारसंघांपर्यंतचे मतदान घेणारे. 2023च्या जानेवारीत पक्षांपुढे त्याचे प्रात्यक्षिक ठेवले होते. परराज्यात गेलेला मतदार नेमका कोणाला म्हणायचे, यावर विरोधी पक्षांनी हरकत घेतली. यंत्र तिथेच थांबले.