सहा महिन्यांनंतर हात सुधारतच नाही?

लकवा झाल्यावर सहा महिन्यांत हात जेवढा सुधारला तेवढाच, पुढचा व्यायाम वाया, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात तथ्याचा अंश आहे: सर्वांत वेगवान सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत होते. पण वेग मंदावणं म्हणजे थांबणं नव्हे. सहा महिने उलटलेल्या रुग्णांनी नेहमीच्या फिजिओथेरपीला शरीराची हालचाल टिपणाऱ्या व्हिडिओ गेमसारख्या खेळांची जोड दिली, तेव्हाही हाताचं काम सुधारल्याचं अभ्यासांत दिसलंय. बहुधा माफक, पण खरं.

खेळातल्या गुणांवर मात्र विसंबू नका. हात न उचलता कंबरेतून झुकलं तरी ते वाढतात! त्यापेक्षा पाठ खुर्चीला टेकवून, ६० सेकंदांत २.५ सेंटिमीटरचे किती ठोकळे डब्याच्या एका कप्प्यातून दुसऱ्यात जातात ते दर महिन्याला मोजा. फिजिओथेरपिस्टही अशीच चाचणी घेतात.