प्रोसेसर तोच, मग प्रोग्राम का अडतो?

एकाच लॅपटॉपवर आज लिनक्स टाकलं आणि उद्या विंडोज, तरी आतला प्रोसेसर काही बदलत नाही. बेरीज कशी करायची, मेमरीतला आकडा कसा उचलायचा, या सूचना दोन्हीकडे अगदी सारख्याच असतात. तरीही लिनक्सवरची 'ग्रेप'ची (मजकुरात शब्द शोधणाऱ्या टूलची) फाइल विंडोजवर नेली तर ती चालत नाही. सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्राम, तिथे पुन्हा कंपाइल करायला (मशिनच्या सूचनांत बदलायला) घेतला, तरी अनेकदा गाडी अडतेच. ती कुठे अडते हे शोधत गेलं की ऑपरेटिंग सिस्टिम आपल्यासाठी काय काय करते हे फार स्वच्छ दिसू लागतं. म्हणूनच हा विषय मला इतका मोलाचा वाटतो.

पहिली अडचण वरवरची आहे. चालवायच्या फाइलची रचना लिनक्सवर ईएलएफ नावाची असते आणि विंडोजवर पीई नावाची. पीई फाइलची सुरुवात आजही 'एम' आणि 'झेड' या दोन अक्षरांनी होते. मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची ही आद्याक्षरं, डॉसच्या काळापासून टिकून राहिलेली. पण कुठल्या साच्यात फाइल लिहायची हे लिंकरला (कंपाइल केलेले तुकडे जोडून फाइल बनवणाऱ्या टूलला) सांगता येतं, तेव्हा तो प्रश्न तिथेच मिटतो.

खरा पेच पुढे आहे. प्रोग्रामला स्वतःहून डिस्कवरची फाइल उघडता येत नाही की पडद्यावर अक्षर उमटवता येत नाही. त्यासाठी कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, विनंती करावी लागते. लिनक्समध्ये प्रत्येक विनंतीला ठरलेला क्रमांक असतो. ६४ बिट इंटेल-एएमडी प्रोसेसरवर 'लिही' या विनंतीचा क्रमांक १, आणि तो बदलत नाही. विंडोजमध्ये असे क्रमांक आवृत्तीगणिक बदलू शकतात, म्हणून तिथे प्रोग्रामने कर्नलशी थेट न बोलता मायक्रोसॉफ्टच्या डीएलएल फाइलींमधली (अनेक प्रोग्रामांनी मिळून वापरायच्या लायब्ऱ्यांमधली) फंक्शन्स वापरायची असतात. सी भाषेची लायब्ररी हा फरक बराचसा झाकते. ओळी वाचायच्या, मोजायच्या आणि छापायच्या, एवढंच करणारा प्रोग्राम त्यामुळे दोन्हीकडे विनातक्रार कंपाइल होतो.

कमांड-लाइनवरची टूल्स मात्र एवढ्यावर थांबत नाहीत. १९८८ साली पॉझिक्स हे मानक आलं आणि युनिक्ससारख्या सिस्टिमने कोणत्या सोयी द्यायच्या हे लेखी ठरलं. लिनक्सची टूल्स त्या सोयी गृहीत धरून लिहिलेली असतात. त्यातली सर्वांत अवघड सोय म्हणजे फोर्क.

युनिक्सच्या रीतीत नवा प्रोग्राम दोन पायऱ्यांत सुरू होतो. आधी चालू प्रोसेस (म्हणजे चालत असलेला प्रोग्राम) फोर्क करून स्वतःची हुबेहूब प्रत काढते, आणि मग ती प्रत स्वतःच्या जागी नवा प्रोग्राम चढवते. या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणात आउटपुट फाइलकडे वळवणं, पाइप जोडणं (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला देणं) अशी तयारी साध्या कोडने करता येते. शेलमधली (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममधली) पाइपची सगळी किमया याच फटीत घडते. शिवाय लिनक्स मेमरीची खरी नक्कल लगेच करत नाही. कोणी त्यात काही लिहू लागला तरच मेमरीचं तेवढं पान (छोटा तुकडा) वेगळं काढतं. म्हणून फोर्क तिथे स्वस्त पडतो.

विंडोजच्या नेहमीच्या प्रोग्रामांसाठी अशी सोयच नाही. 'क्रिएट प्रोसेस' हे फंक्शन एखाद्या ईएक्सई (विंडोजवर चालवायच्या) फाइलमधून नवी कोरी प्रोसेस उभी करतं, बस. स्टीव्ह चेंबरलेन यांनी १९९५ मध्ये सिग्नस कंपनीत सिग्विन, म्हणजे विंडोजवर युनिक्सच्या सोयी पुरवणारा थर, सुरू केलं, तेव्हा हाच डोंगर समोर होता. सिग्विनचा तोडगा असा: तीच ईएक्सई पुन्हा सुरू करायची, पण थांबवलेल्या अवस्थेत, मूळ प्रोसेसची मेमरी तिच्यात ओतायची, आणि मग तिला मूळ प्रोसेस जिथे होती तिथूनच पुढे चालू करायचं. त्यासाठी प्रत्येक डीएलएल दोन्हीकडे त्याच पत्त्यावर बसावी लागते. एखादी सरकली की फोर्क फसतो. नक्कलही प्रत्येक वेळी खरोखरीची होते, त्यामुळे हजारो छोट्या प्रोसेस सुरू करणारी, कंपाइल करण्याआधी मशिन तपासणारी कन्फिगर स्क्रिप्ट लिनक्सच्या मानाने तिथे फारच रेंगाळते. तरीही मूळ कोड जवळजवळ न बदलता चालतो, आणि इतकी वर्षं हे टिकवून धरणाऱ्यांच्या चिकाटीचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मिनजीडब्ल्यू या दुसऱ्या साधनसंचाचा मार्ग याच्या उलट आहे. तो युनिक्सचा आभास निर्माण करत नाही. जीसीसी कंपायलर वापरायचा, पण विंडोजच्याच सी लायब्ररीला जोडायचं आणि फोर्क जिथे असेल तिथे कोड बदलायचा. कष्ट जास्त, पण हाती येते ती अस्सल विंडोजची ईएक्सई. हा कंपायलर लिनक्सवरही बसतो, त्यामुळे विंडोजचं मशिन जवळ नसतानाही विंडोजसाठी बिल्ड करता येतं. तशी फाइल दुसरीकडे नेल्यावर एखादी डीएलएल सापडत नसल्याचा संदेश बऱ्याचदा येतो. कंपायलरच्या सोबतच्या लायब्ऱ्या स्टॅटिक, म्हणजे ईएक्सईच्या आतच, जोडल्या की तो जातो. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या विंडोजवरच्या रूपात, म्हणजे गिट फॉर विंडोजमध्ये, दोन्ही मार्ग एकत्र नांदतात: मुख्य गिट मिनजीडब्ल्यूने बांधलेलं, आणि सोबतचा बॅश हा शेल सिग्विनपासून निघालेल्या एमएसवायएस२ च्या थरावर.

कंपाइल निर्धोक झालं म्हणून काम झालं असं समजू नये. विंडोजवर ओळीचा शेवट दोन बाइटांचा असतो, १३ आणि १०. लिनक्सवर नुसता १०. विंडोजची सी लायब्ररी टेक्स्ट मोडमध्ये प्रत्येक १० च्या आधी निमूटपणे १३ घालते. मजकूर असेल तर ठीक, पण कॉम्प्रेस केलेली फाइल उलगडून एखादं चित्र आउटपुटवर सोडलं की ते बिघडतं. वाचताना २६ हा बाइट आला तर फाइल संपली असं मानून ती तिथेच थांबते. कुठेही एरर दिसत नाही. सुरुवातीलाच बायनरी मोड (बाइट जसेच्या तसे ठेवणारा) लावणं हा उपाय, पण आधी तो सुचायला हवा.

तितकाच छुपा फरक सी भाषेत पूर्णांक ठेवायच्या 'लाँग' या टाइपचा. ६४ बिट लिनक्सवर तो ८ बाइटांचा, ६४ बिट विंडोजवर मात्र ४ बाइटांचा. फाइलचा आकार लाँगमध्ये ठेवणारं टूल विंडोजवर २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे चुकीचे आकडे देऊ लागतं. छोट्या फाइलींवर चाचणी घेतली तर हे कधीच उघडं पडत नाही.

फाइल सिस्टिमच्या रीतीही वेगळ्या. तात्पुरती फाइल उघडून लगेच डिलीट करायची आणि तरी वापरत राहायचं, ही युनिक्समधली जुनी युक्ती विंडोज सहसा चालू देत नाही. नावांत फक्त कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक असलेल्या फाइलींच्या जोड्या लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये आहेत. विंडोजच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये त्यातली एकच उरते.

मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोजवरच लिनक्सचे प्रोग्राम चालवणारं डब्ल्यूएसएल आणलं, तेव्हा या खटाटोपाची गरज संपली असं वाटू शकतं. पहिल्या आवृत्तीत लिनक्सच्या विनंत्यांचं रूपांतर होत असे. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत हलक्या व्हर्च्युअल मशिनमध्ये खरा लिनक्स कर्नलच चालतो. ईएलएफ फाइल तिथे जशीच्या तशी चालते. स्वतःच्या मशिनवर काम करायला हा मार्ग उत्तमच. पण विंडोजच्या डिस्कवरच्या फाइलींपर्यंत पोचायला दुसऱ्या आवृत्तीत वेळ लागतो, आणि टूल दुसऱ्याला द्यायचं तर त्याच्याकडेही डब्ल्यूएसएल असावं लागतं. एकच ईएक्सई पाठवायची आणि ती चालू व्हावी, ही गरज अजून आहे.

एखादं टूल स्वतः विंडोजवर न्यायचं असेल, तर कोड उघडण्याआधी एमएसवायएस२ च्या पॅकेजांत ते आहे का ते पाहा. तिथे प्रत्येक पॅकेजची बिल्ड स्क्रिप्ट आणि त्यासाठी लागलेले पॅचेस (मूळ कोडमधले बदल) सर्वांना खुले आहेत. त्यातला एखादा पॅच दोनच ओळींचा असतो, एखादा पानंच्या पानं. आणि फोर्क कोडमध्ये किती खोल रुतला आहे हे त्या लांबीवरूनच बरंचसं कळतं.